आधी पिसवा, मग उंदीर: डांडिया बाजारातल्या एका वाड्याचं प्रकरण

वाडा बडोद्याच्या डांडिया बाजारातला, लाकडी जिन्याचा. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला किराणा दुकान आणि मागे त्याचं गोदाम. पहिल्या मजल्यावर एक मराठी कुटुंब, चार पिढ्या तिथेच. आजी ऐंशीच्या, त्यांचा मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू. सगळ्यात वर माळा: जुन्या गाद्या, गणपतीचं मखर, पितळी भांडी आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या दोन ट्रंका. घरात जनावरं दोन. मनी ही पाच वर्षांची मांजर गोदाम, माळा आणि आजींची गोधडी या तिन्ही ठिकाणी सारख्याच हक्काने वावरते. राजा हा गावठी कुत्रा दिवसभर ओट्यावर असतो आणि रात्री नातवाच्या पायाशी झोपतो.

मी जनावरांची डॉक्टर. या घराशी माझा संबंध मनीच्या पहिल्या लशीपासूनचा. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की त्यात प्लेग निघाला नाही, पण प्लेग यायचाच असता तर ज्या वाटेने आला असता ती वाट सबंध उघडी होती. ती उघडी राहण्यात माझ्या अर्धवट सल्ल्याचाही वाटा होता. कुटुंबाला विचारूनच लिहिते आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, जनावरांची तेवढी खरी आहेत.

पुरानंतरचे उंदीर

ऑगस्ट २०२४च्या शेवटी विश्वामित्रीला मोठा पूर आला. मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या सगळीकडे गेल्या. उंदीर-घुशींनी जागा बदलली त्याची बातमी कुठे आली नाही. नदीकाठची बिळं बुडाली, गटारं तुंबली, आणि पुढच्या महिन्याभरात ज्यांच्या गल्लीत पाणी शिरलं नव्हतं त्यांच्याकडेही उंदीर वाढले. या वाड्यात ते आधी गोदामात दिसले, नवरात्रापर्यंत माळ्यावर खुडबुड सुरू झाली.

८ ऑक्टोबरला दुकानदाराने गोदामात ब्रोमाडायोलोनच्या वड्या ठेवल्या. दिवाळीची साफसफाई तोंडावर होती म्हणून चार-पाच वड्या माळ्यावरही ठेवल्या. हे औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर ते खाल्ल्यावर तीन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, आजींच्या मुलाचा मला फोन आला. जिन्यात दोन मेलेले उंदीर सापडले होते आणि त्याला एकच विचारायचं होतं: मनीने असा उंदीर खाल्ला तर?

मी नेमकं तेवढ्याचंच उत्तर दिलं. मनीला दहा-बारा दिवस घरातच ठेवा, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर ताबडतोब आणा, जीवनसत्त्व के-१ हा त्यावरचा उतारा आहे. सगळं बरोबर होतं. फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटकडे वळले. मेलेल्या उंदराच्या अंगावर आणखी काय असतं आणि ते आता कुठे जाईल, याबद्दल मी अक्षर काढलं नाही.

मेलेल्या उंदराच्या अंगावर काय असतं

पिसू उंदराच्या रक्तावर आणि उबेवर जगते. उंदीर मेला आणि अंग गार पडू लागलं की ती तिथे थांबत नाही, जवळचं दुसरं उबदार अंग शोधते. एरवी ते अंग दुसऱ्या उंदराचं असतं. पण एका घरातले पाच-सहा उंदीर एका आठवड्यात मेले की जवळचं उबदार अंग म्हणजे त्याच माळ्यावर हुंगत फिरणारी मांजर, जिन्याखाली पडलेला कुत्रा, किंवा माणसाचा घोटा.

प्लेगचा सगळा इतिहास या एका उडीवर उभा आहे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येरसँ यांनी ओळखला. तो उंदराकडून माणसाकडे येतो कसा, हे कळायला आणखी चार वर्षं गेली. मुंबईत १८९६ साली साथ सुरू झाली, १८९७ साली पुण्यात पोहोचली, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच वर्षी १० मार्चला गेल्या. तोपर्यंत लोकांना सामानाची होळी करायला आणि घरांना फिनेल लावायला सांगत होते, पिसवेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जून १८९८मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने काचेच्या बरणीत प्लेग झालेला उंदीर ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं. खालचा मेला, त्याच्या पिसवा वरच्यावर गेल्या, आणि काही दिवसांत वरचाही प्लेगने मेला. मला या प्रयोगातली एक गोष्ट नेहमी थांबवते. उंदरावर पिसवा पुरेशा असाव्यात म्हणून सिमाँने हॉटेलाच्या आवारात फिरणाऱ्या एका मांजराच्या अंगावरून पिसवा गोळा केल्या होत्या. मांजर त्या कथेत पहिल्या दिवसापासून आहे.

पुढे मुंबईत प्लेग कमिशनने प्लेग झालेल्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्यांना प्लेग झाला, दोन फुटांवर टांगलेल्यांना झाला नाही. उंदराची पिसू फार उंच उडत नाही. माणसाला ती पहिल्यांदा घोट्याला चावते, आणि कुत्रा-मांजर तर झोपतातच जमिनीवर.

१६ ऑक्टोबरपासून नातवाच्या घोट्यांवर लाल पुरळ दिसू लागलं. तीन-तीन दंश एका ओळीत. घरच्यांना डास वाटले. मनी सारखी मान खाजवत होती. ती पुरानंतर तशी खाजवतच होती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार सकाळ

मनीला आजी स्वतः घेऊन आल्या, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून. तिने शुक्रवारपासून खाल्लं नव्हतं. डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज होती. टेबलावर ठेवली तर पाय पोटाखाली घेऊन डोळे मिटून बसली. एरवी ही मांजर मला हात लावू देत नाही.

आजी म्हणाल्या, "डॉक्टर, ही गाठ आहे. माझ्या सासूबाई सांगायच्या, आधी उंदीर पडतात. उंदीर पडले की घर सोडून माळावर झोपड्यांत राहायला जायचं. आमच्याकडे आठ दिवस उंदीर पडतायत आणि आम्ही दिवाळीचा फराळ करत बसलोय."

मुलगा त्यांना गप्प करायला बघत होता. मी त्याला थांबवलं. 'उंदीर पडणे' हा शब्द ज्या पिढीने वापरला तिला त्याचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळत होता. आजींना १९९४ही आठवत होतं. सुरत इथून दीडशे किलोमीटरवर. सप्टेंबरात तिथे फुप्फुसाचा प्लेग पसरला, पन्नासच्या वर माणसं गेली, लाखो लोक शहर सोडून पळाले, आणि बडोद्यातही टेट्रासायक्लिन हे औषध दुकानांतून संपलं. आजींची सख्खी बहीण तेव्हा सुरतेहून आली होती. वाड्यातल्या शेजाऱ्यांनी तिला तीन दिवस जिना चढू दिला नाही. आजी तिला ओट्यावर जेवण नेऊन देत. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला, आणि फडक्याचं टोक त्यांनी बोटाभोवती घट्ट गुंडाळलं.

मी मास्क, चष्मा आणि हातमोजे चढवले, मदतनिसाला बाहेर पाठवलं आणि कामाला लागले. घाबरून नव्हे, अशा वेळी हीच पद्धत आहे. भारतात प्लेगचा शेवटचा ज्ञात उद्रेक २००४ सालचा, उत्तरकाशी जिल्ह्यातल्या डांगुड गावातला. त्याआधी २००२ साली शिमला जिल्ह्यातल्या हाटकोटी भागातला. बडोद्यातल्या मांजरीला प्लेग असण्याची शक्यता अतिशय कमी होती. पण मांजर हे प्लेगला फार लवकर बळी पडणारं जनावर. कुत्र्याला बहुधा थोडा ताप येऊन जातो. मांजराला मात्र जोराचा ताप येतो, आणि आजारी उंदीर तोंडाने खाल्लेला असल्याने गाठ बरेचदा जबड्याखालीच येते. अमेरिकेच्या पश्चिम भागात, जिथे जंगली खारी आणि उंदरांत प्लेग आजही टिकून आहे, तिथे १९७७ ते १९९८ या काळात मांजरामुळे २३ माणसांना प्लेग झाला आणि त्यांतली ५ दगावली. त्या तेवीसांत माझ्या धंद्यातली माणसंही होती. फेब्रुवारी २०२४मध्येही तिथल्या ओरेगॉन राज्यात एका माणसाला बहुधा आपल्या आजारी मांजरीकडूनच प्लेग झाला होता.

ताप १०४.६ अंश फॅरनहाइट. मांजराचा नेहमीचा ताप १०२.५पर्यंत धरतात. सूज गरम, घट्ट, हात लावला की मनी कण्हायची.

आता इथे खरा प्रश्न होता. जबड्याखालच्या या सुजेची तीन कारणं माझ्यासमोर होती. एक, दुसऱ्या मांजराच्या दातांमुळे झालेलं गळू. बोक्यांच्या हंगामात हे आठवड्याला दोन तरी येतात. दोन, विषारी उंदीर खाल्ल्यामुळे मानेत साखळलेलं रक्त. तीन, प्लेगची गाठ. तिन्ही बाहेरून सारख्याच दिसू शकतात, आणि तिन्हींत करायची गोष्ट वेगळी. गळू चिरायचं असतं. साखळलेल्या रक्तावर सुरी चालवली तर मांजर टेबलावरच रक्त जाऊन मरेल. प्लेगची गाठ निष्काळजीपणे फोडली तर मरण्याची पाळी डॉक्टरवर येऊ शकते. सवयीने हात ब्लेडकडे जातो, कारण दहात नऊ वेळा गळूच असतं. त्या दिवशी मी तो हात मागे घेतला.

आधी हिरड्या पाहिल्या: गुलाबी, कुठे रक्ताचा ठिपका नाही. मग पुढच्या पायातून बारीक सुईने थोडं रक्त घेतलं, जागा पाच मिनिटं दाबून धरली, आणि रक्त काचेच्या नळीत घालून मुठीत धरून बसले. दर मिनिटाला नळी तिरकी करायची. सहाव्या मिनिटाला वरचा थर जाडसर झाला, सातव्याला नळी उलटी केली तरी रक्त जागचं हललं नाही. म्हणजे विषाचा परिणाम नव्हता. दुसरं कारण गेलं.

मग सुजेवरचे केस कापले. कातडीवर दोन बारीक खपल्या सापडल्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर: सुळ्यांच्या खुणा. माझा जीव खाली पडला. तरीही मी सूज चिरली नाही, फक्त सुईने थोडा पू ओढून घेतला. पिवळट, दाट, दुर्गंधी.

काचपट्टीवरच्या पिना

पू काचपट्टीवर पसरून रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आखूड, जाडसर जंतू, दोन्ही टोकं गडद आणि मध्ये फिकट, बंद केलेल्या सेफ्टी पिनेसारखे. पाठ्यपुस्तकात प्लेगच्या जंतूचं वर्णन शब्दश: हेच आहे.

पण मांजराच्या तोंडात राहणारा पाश्चुरेला नावाचा जंतूही असाच दिसतो. इतका सारखा, की प्लेगच्या जंतूलाही एकेकाळी पाश्चुरेला पेस्टिसच म्हणत. येर्सिनिया हे नाव नंतर मिळालं. चावल्याने झालेल्या गळवात पाश्चुरेला सापडणं हीच नेहमीची गोष्ट. नुसत्या डोळ्यांनी पाहून दोघांत फरक करता येत नाही, आणि जो करता येतो असं म्हणतो त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. जंतू वाढवून बघणं एवढाच मार्ग.

नमुना पाठवण्याआधी मी प्रयोगशाळेला फोन करून स्पष्ट सांगितलं: मेलेले उंदीर आहेत, पिसवा आहेत, गाठ आहे, बहुधा पाश्चुरेला निघेल, पण काळजी प्लेगची घ्या. हा फोन फार महत्त्वाचा. २०१४ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एक कुत्रा प्लेगने मेला आणि त्याच्यामुळे चार माणसांना तो झाला. मालकाच्या रक्तातला जंतू प्रयोगशाळेतल्या यंत्राने आधी भलताच ओळखला होता. यंत्राला काय शोधायचं ते माणसाने सांगावं लागतं. महापालिकेच्या आरोग्य खात्यालाही त्याच दुपारी कळवलं, आणि कुटुंबाला सांगितलं की पुढचे आठ दिवस कुणालाही ताप आला किंवा काखेत-जांघेत गाठ आली, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात उंदरांचं सांगा.

औषध निवडताना मी नेहमीचं पेनिसिलिनच्या जातीचं औषध टाळलं. गळवाला ते उत्तम, प्लेगला निरुपयोगी. डॉक्सिसायक्लिन दोन्हींवर चालतं, म्हणून ते दिलं. मांजराला त्याची गोळी कोरडी देऊ नये. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन पुढे अन्ननलिकाच आवळते. प्रत्येक गोळीमागे सुई काढलेल्या सिरिंजने पाच मिली पाणी. मनी माझ्याकडेच वेगळ्या खोलीत पिंजऱ्यात राहिली. तीन दिवस तिला मी एकटीच हाताळत होते.

बुधवारी, २३ तारखेला, निकाल आला. मॅक्काँकी नावाच्या माध्यमावर काहीच वाढलं नव्हतं. प्लेगचा जंतू तिथे वाढतो, पाश्चुरेला वाढत नाही. रक्त घातलेल्या माध्यमावर मात्र एका रात्रीत भरपूर वाढ, पुढच्या चाचण्याही पाश्चुरेलाच्याच बाजूने. त्या संध्याकाळी मी गळू नीट चिरलं, धुतलं, आणि आजींना फोन केला. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तिला दूध-भात चालेल का?"

मोजे

इथे बरेच जण फाइल बंद करतील. माझ्या मते प्रकरणाचा महत्त्वाचा भाग रविवारी दुपारीच सुरू झाला होता, जेव्हा मी मनीच्या अंगातून बारीक दातांची फणी फिरवली.

पांढऱ्या टॉवेलवर काळी कणी पडली, मिरीपूड सांडावी तशी. ओल्या कापसावर ती घेतली तर कडेने तांबडी कड सुटली. ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. फणीत नऊ पिसवा सापडल्या. साबणाच्या पाण्यात टाकून मी त्या भिंगाखाली घेतल्या, आणि त्यासाठी मला अगदी सोपी खूण पुरली. मांजर-कुत्र्याच्या पिसवेला तोंडाखाली आणि मानेवर काळ्या काट्यांच्या रांगा असतात, मिशी राखल्यासारख्या. उंदराच्या पिसवेला त्या नसतात, डोकं गुळगुळीत. नऊपैकी सात काट्यांच्या होत्या. दोन गुळगुळीत.

त्याच संध्याकाळी मी वाड्यावर गेले. गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घातले, सलवार आत खोचली आणि माळ्यावर जाऊन दोन मिनिटं नुसती उभी राहिले. घरातल्या पिसवा शोधायची याहून स्वस्त पद्धत मला माहीत नाही. पायांची ऊब लागली की त्या येतात, आणि पांढऱ्यावर दिसतात. मखराच्या मागे एक उंदीर वाळून पडला होता. त्याच्याभोवती उभी राहिले तेव्हा मोज्यांवर चौदा आल्या. बारा गुळगुळीत डोक्याच्या. राजाच्या अंगावर सहा सापडल्या आणि त्यांत एक गुळगुळीत होती. राजा रात्री नातवाच्या पायाशी झोपतो, हे मला आठवलं, आणि त्याच्या आईलाही. ती काही न बोलता आत गेली आणि मुलाच्या गादीवरची चादर ओढून काढली.

हा फरक असा का महत्त्वाचा? प्लेगचा जंतू उंदराच्या पिसवेच्या पोटात वाढून तिचा गळा बंद करतो. रक्त आत जात नाही, ती उपाशी राहते, पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक वेळी जंतू परत जखमेत सोडते. मांजराच्या पिसवेला हे काम फारसं जमत नाही. म्हणून नुसत्या मांजराच्या पिसवा असणं हा त्रास, पण मांजराच्या अंगावर उंदराची पिसू सापडणं म्हणजे पूल बांधून झालेला असणं. त्या पुलावरून या वेळी काही आलं नाही. उंदराच्याच पिसवेतून येणारा टायफस या तापाचा एक प्रकारही आपल्याकडे आहे, आणि तो यायला प्लेगची साथ लागत नाही.

माळ्यावरून उतरताना मला १३ तारखेचा फोन आठवत होता. त्या दिवशी एक वाक्य जास्त बोलले असते तर ही गुळगुळीत पिसू त्या मुलाच्या गादीपर्यंत आली नसती. उंदीर मारायच्या आधी पिसवा मारायच्या असतात. प्लेगच्या साथीत आरोग्य खात्याचा क्रम हाच असतो, आणि मला तो ठाऊक होता. १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात सुरतेच्या आधी गाठीचा प्लेग दिसला, तेव्हाही गावकऱ्यांनी आधी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: उंदीर पडतायत आणि पिसवा चावतायत.

काय केलं, कोणत्या क्रमाने

जनावरं पहिली, आणि दोन्ही एकाच दिवशी. मनीला मानेमागे, जिथे जीभ पोहोचत नाही तिथे, फिप्रोनिल या पिसवांवरच्या औषधाची मांजरासाठीची पिपेट, म्हणजे थेंब सोडायची नळी. राजाला वजनाप्रमाणे पिसवा-गोचिडांची चघळायची गोळी. एकालाच औषध दिलं असतं तर पिसवांनी दुसऱ्याच्या अंगावर संसार चालू ठेवला असता.

इथे एक मोठा अपघात थोडक्यात टळला. आजींच्या मुलाने शनिवारीच गुरांच्या गोचिडांवरची सायपरमेथ्रिनची बाटली आणून ठेवली होती आणि ती मनीलाही लावायचा त्याचा विचार होता. हे औषध, आणि कुत्र्यांच्या पिपेटांत येणारं त्याच घराण्यातलं परमेथ्रिन, मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. कान फडफडू लागतात, अंगभर थरथर, मग झटके. 'कुत्र्यांसाठी' असं लिहिलेली बाटली मांजराला कमी प्रमाणात लावली तर चालेल, असं मला दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतं. चालत नाही. चुकून लावलीच तर भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन तशीच डॉक्टरकडे आणावी.

मग घर. प्रौढ पिसवा दिसतात त्या एकूण संख्येच्या जेमतेम पाच टक्के. उरलेली अंडी, अळ्या आणि कोश फटींत, गाद्यांत, लाकडी तक्तपोशीच्या सांध्यांत असतात. माळ्यावरच्या गाद्या पिशव्यांत बांधून काढून टाकल्या. अंथरुणं उकळत्या पाण्यात. जमिनीच्या फटींवर रोज व्हॅक्यूम, आणि त्याची पिशवी रोज बाहेर. फवारणीवाल्याकडून पिसवांवरचं औषध आणि त्याबरोबर अळीची वाढ थांबवणारं पायरीप्रॉक्सिफेन मारून घेतलं. मनी माझ्याकडेच होती, जमीन पूर्ण वाळल्यावरच घरी गेली. मेलेले उंदीर उचलण्याआधी त्यांच्यावर औषध फवारलं, मग हातमोजे घालून दुहेरी पिशवीत.

आणि शेवटी उंदीर. दुकानदाराला मी उरलेल्या वड्या उचलायला लावल्या. तो तयार नव्हता, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं: पोती कुरतडली जात होती. शेवटी असं ठरलं की दहा दिवस थांबायचं, मोज्यांवर काही आलं नाही की मग पिंजरे लावायचे. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर. गटाराच्या तोंडाला जाळी, भिंतीतली भोकं काचेचे तुकडे घालून सिमेंटने बंद.

भाऊबीजेनंतर

कुटुंब भाऊबीजेला मुंबईला गेलं. दोन्ही जनावरं माझ्याकडे, घर पाच दिवस बंद. ७ नोव्हेंबरला परत आले आणि दार उघडून आत पाऊल टाकलं तोच सुनेच्या पायांवर पिसवा. तिचा फोन आला तेव्हा ती चिडली होती, आणि तिचं चुकलं नव्हतं, कारण एवढा खर्च आणि खटपट करून घर होतं तसंच दिसत होतं.

पिसवेचा कोश हे तिचं सगळ्यात चिवट रूप. त्यात औषध शिरत नाही, आणि आतली पिसू आठवडेच्या आठवडे वाट पाहत बसू शकते. पायांची कंपनं, ऊब, श्वास यांची चाहूल लागली की ती क्षणात बाहेर पडते. पाच दिवसांच्या शांततेनंतर चार माणसं एकदम आत आली, आणि साठलेले कोश एकदम उघडले. हे मी आधी सांगून ठेवायला हवं होतं. या वेळी निदान पुढचं सांगितलं. पुन्हा फवारू नका. व्हॅक्यूम चालू ठेवा, दिवसातून दोनदा, त्याच्या कंपनानेही कोश उघडतात. जनावरं घरात येऊ द्या: त्यांच्या अंगावर औषध आहे, उडी मारणारी पिसू तिथेच मरेल.

मोज्यांची नोंद नातवाने ठेवली, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर. ८ नोव्हेंबरला अकरा, १२ला सात, १७ला दोन, २४ला शून्य. १ डिसेंबरला पुन्हा एक; ती मी भिंगाखाली पाहिली, काट्यांची होती. त्यानंतर शून्यच.

मनीच्या जबड्याखाली केस उगवले, फक्त जखमेच्या जागी पांढरे. पिपेट दर महिन्याला लागते; तारीख आजी दिनदर्शिकेवर एकादशीसारखी लाल शाईने लिहून ठेवतात. राजाची झोपायची जागा बदलायचा प्रयत्न झाला आणि चार दिवसांत फसला. मी आग्रह धरला नाही. औषध वेळेवर असेल तर त्याने नातवाच्या पायाशी झोपावं.

जानेवारीच्या शेवटी, उत्तरायणाच्या पतंगांची मांज्याची गुंडाळी अजून गच्चीवरच्या तारांत लोंबत असताना, दुकानदाराचा सकाळी सातला फोन आला. "डॉक्टरबेन, उंदर मरी गयो छे." कुणी वड्या ठेवलेल्या नव्हत्या, उंदीर पिंजऱ्याबाहेर, पोत्यांच्या मागे पडला होता. त्याने त्याला हात लावला नव्हता, आणि गोदामाचं दार ओढून घेतलं होतं.

मी आरोग्य खात्याला कळवलं आणि मोजे घेऊन गेले. दोन मिनिटांत तीन आल्या, तिन्ही गुळगुळीत. औषध मारून मगच तो उंदीर बंद डब्यात घालून तपासणीसाठी दिला. त्याच्या आतड्याला मार लागलेला निघाला, प्लेग नव्हता. राजाच्या गोळीचा परिणाम अजून टिकून होता. मनीची पिपेट दोन दिवसांवर आली होती. ती आजींनी त्याच संध्याकाळी माझ्याकडून लावून घेतली.